लिफ्टची जागा

महाडात फ्लॅट घेताना माणूस एकच प्रश्न विचारतो: एकवीसच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? आम्हीही तेवढाच विचारला. बिल्डर विपुलशेठने शेजारच्या जुन्या भिंतीवरची पुराची रेघ दाखवली. आमचा तिसरा मजला तिच्या कितीतरी वर होता. माझा नवरा अनिल खूश, मीही खूश. लिफ्ट? "येतेय ना वहिनी, गणपतीपर्यंत." कुठले गणपती, हे विचारायचं राहून गेलं.

घर घेतलं ते बाबांसाठी. बाबा म्हणजे माझे सासरे, भागोजी. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. गेल्या पावसाळ्यात घरामागच्या डोंगराला वीतभर रुंद भेग गेली, तेव्हापासून माझी झोप उडाली. खाली या, खाली या म्हणून मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी मार्चमध्ये आले. दुखरा गुडघा धरून, जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसत, पाऊण तासाने वर पोचले. त्यानंतर अडीच महिने ते खाली उतरले नाहीत.

उतरणार कसे? लिफ्टच्या जागी नुसतं भोक, आणि त्यात कॉलेजच्या मुलांच्या सायकली. मी त्याच कॉलेजच्या लायब्ररीत आहे, चालत सात मिनिटं, म्हणून तर ही इमारत निवडली. पण कॉलेज जवळ म्हणूनच बाकीच्यांनी इथे फ्लॅट घेतले ते मुलांना भाड्याने द्यायला. मालक मुंबईत, आणि भाडेकरू दोन-दोन पायऱ्या गाळून चढणारे. लिफ्टसाठी भांडणार कोण? मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे जलीलभाई, कारण त्यांच्या मासूमाभाभींना दम लागतो. फोन करून करून माझं तोंड दुखलं. "मशीन निघालंय वहिनी." अहो, कुठून निघालंय? पायी येतंय का?

बाबा दिवसभर खिडकीत बसायचे. "सारिका गो, हितं पायाला माती लागत नाय," एवढंच म्हणायचे. मला संताप यायचा. त्यांचा नाही, माझाच. आणि मग एक दिवस ते अनिलला म्हणाले, "वाडीवरनं डोली घेऊन ये."

डोली म्हणजे जाड बांबूला बांधलेली घोंगडी. वाडीवर रस्ता नाही, म्हणून आजारी माणसाला तिच्यात घालून खांद्यावरून खाली आणतात. बाबांनी उभा जन्म माणसं वाहिली होती. नव्या कोऱ्या इमारतीत डोली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग वाटलं, रोज खाली नेता येईल, चार माणसं भेटतील, रमतील. अनिल घेऊन आला.

रविवारी सकाळी पुढे अनिल, मागे जलीलभाई. बाबा आतून हुकूम सोडत होते. "वळणाला काठी तिरकी धरा. जलीलभाय, घाई नको." मी पुढे उतरत होते.

खाली विपुलशेठ गिऱ्हाईक घेऊन उभे. नवरा-बायको, सोबत काठी टेकत आलेली म्हातारी. नवऱ्याने विचारलं, "पुराचं पाणी कुठवर आलं होतं?"

माझं डोकंच सणकलं. "आधी लिफ्टचं विचारा!" मी ओरडले. विपुलशेठ कसंनुसं हसले.

"पानी नाय येत हितं वर," डोलीतून आवाज आला. "मानूस पन येत नाय."

डोली जमिनीला टेकली. बाबा अनिलचा हात धरून उठले, तेव्हा मांडीवरची पिशवी दिसली. चष्म्याची डबी, औषधं, धुतलेला सदरा.

"पोलादपूरची एसटी किती वाजता हाय रे?"

मला कळायला वेळ लागला. "बाबा, पाऊस आठ दिवसांवर आलाय. तो डोंगर..."

"म्हायती हाय गो."

"आणि वाडीवर चढणार कसे?"

"तितं दुसरी डोली हाय. उचलनारं पन हायत."

अनिलने खाली वाकून घोंगडी बांबूला गुंडाळली आणि बांबू खांद्यावर घेतला, त्यांच्याबरोबर पाठवायला. बाबांनी तो त्याच्या खांद्यावरून काढला, लंगडत लिफ्टच्या भोकापाशी गेले, आणि सायकलींच्या मागे भिंतीला नीट उभा करून ठेवला.

"ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाले. "तुमाला लागंल."