राहिलेली पात

माझ्या लेकीच्या, भक्तीच्या पुस्तकात प्रश्न आलाय: 'सावड' या शब्दाचा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा. अर्थ तिनं गाईडमधून उतरवलाय, एकमेकांच्या मदतीने गुण्यागोविंदाने काम करणे. गुण्यागोविंदाने म्हणे! लिहिणाऱ्यानं ऑक्टोबरच्या उन्हात कधी सोयाबीन कापलेलं दिसत नाही.

वालूरच्या शिवारात आमची पाच जणींची सावड. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरीचं नाव नाही, दिवसाला दिवस. प्रत्येकीनं चार ओळींची पात धरायची आणि बांधापर्यंत न्यायची. यंदा माझा नंबर चौथा, चतुराबाईचा शेवटचा.

माझ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी चतुरा आली. अंगात ताप होता. उद्या पडून राहते, तुझा दिवस नंतर भरून देते, म्हणाली. मोबाइलवर पावसाचा इशारा आलेला. माझं डोकं फिरलं.

"गेल्या साली मी तापात तुझ्या रानात आले व्हते, चतुरा."

ती तशीच घरी गेली. सकाळी सगळ्यांच्या आधी विळा घेऊन हजर. दुपारपर्यंत तिची पात सगळ्यांच्या पुढं गेली, आणि मी मनात म्हटलं, बघा, नुसती नाटकं होती. ते आठवलं की आजही स्वतःची किळस येते. पाणी प्यायला उठली ती तिथंच कोसळली. सेलूला नेलं, तिथून परभणीला. तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, ताप अंगावर काढायला नको होता. पाऊस तर आलाच नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघी तिच्या रानात गेलो. शेंगा तडकायला लागल्या होत्या. तिची पात तिच्या नवऱ्यानं, सटवाजीनं धरली. मी माझ्या पातीला बसले, तसा तो समोर येऊन उभा राहिला.

"वैनी, तुमची पात राहू द्या. फेडून मोकळं व्हायचं न्हाई."

आवाज चढलेला नव्हता. मी दिवसभर बांधावर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत सगळं रान कापून झालं, मधल्या माझ्या चार ओळी सोडून. त्या अजून उभ्या आहेत. दाणे खाली गळून गेले, तरी तो तिथं शेळ्यासुद्धा सोडत नाही.

"आई, वाक्य सांग की," भक्ती म्हणाली.

"लिही. चतुरामावशीची सावड माझ्या आईकडं राहिली."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. बाईंना चांगलं वाक्य लागतं, म्हणाली. मग दुसऱ्या कुणाला तरी विचार, असं म्हणून मी चुलीकडं वळले.