चार बोटं उघडी काच

मी एक गाडी बोलतेय. पेट्रोल पिणारी नव्हे, विजेवर चालणारी. आधीच सांगते, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि शब्द साधे आहेत म्हणून नाक मुरडू नका. ज्याच्या तोंडून मी भाषा शिकले त्याची शाळा आठवीतच सुटली, आणि तोही फारसा बोलत नाही. बोललाच तर माझ्याशी, दारं लावून. त्यामुळे ह्रस्व-दीर्घ चुकेल. राग मात्र जिथल्या तिथे आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी हातांनी मला जोडलं, पोटाखाली बॅटरी बसवली आणि मी न कुरकुरता चालू लागले. मला आवाज नाही, म्हणून लोक मला गरीब समजतात. आवाज न करणाऱ्याला गरीब समजायची माणसांना खोडच असते.

मला विकत घेतलं दादाने. तळ्याकाठी त्याचं पाहुण्यांना उतरायचं छोटंसं लॉज आहे. सुरुवातीला तो मला चार घरं फिरवून दाखवून आला. हौस फिटली तेव्हा चिंचोक्याएवढं कौतुकही उरलं नाही. पक्ष्यांनी माझं छत रंगवलं तरी त्याने वर पाहिलं नाही. मला पुसायचा धाकटा, त्याचा भाऊ. चादरी बदलणं, नळ दुरुस्त करणं, बॅगा उचलणं, सगळं तोच करायचा. "बरं दादा" हे दोन शब्द सोडले तर दिवसभर त्याच्या तोंडून तिसरा निघायचा नाही.

लॉजमधली तीन नंबरची खोली धाकट्याची होती. आईने जाण्याआधी दोघांना जवळ बसवून सांगितलं होतं, "तीन नंबर धाकट्याची. तिला कोणी हात लावायचा नाही." दादा तेव्हा मान डोलवत होता. वहिनीने पाहिलंय ते.

वर्ष सरलं नाही तोवर दादा म्हणाला, "फक्त शनिवार-रविवार रे. गर्दी असते. तू गाडीत झोप. मागची सीट पाडली की राजाचा पलंग होतो. वर काचेचं छत, तारे मोजत पड!"

"बरं दादा."

मला वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू? उलट आनंद झाला. उभी असतानाही मी रात्रभर आतली हवा खेळती ठेवू शकते, थंडीत ऊबदार, उकाड्यात गार. काचा लावून माणूस निवांत झोपतो. माझ्या या गुणाला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. धाकट्याने फोम माझ्या मापाने कापला, चाकांवरच्या फुगीर भागाला वळसा घालून. पाडलेल्या सीटच्या मध्ये एक खड्डा राहतो, कमरेखाली बरोबर टोचतो. त्यात त्याने दोन जुने टॉवेल घडी करून ठासले. काचांना काळ्या कापडाचे पडदे शिवले. मग तिरका पडला, कारण सरळ झोपलं की पाय दाराला लागतात, आणि म्हणाला, "तू बरी आहेस. घोरत नाहीस."

पण माझा श्वास माझ्या हातात नव्हता. माझं बटण दादाच्या फोनवर होतं, त्याच फोनवर, ज्यावर पाहुणे बोलतात. तो अंथरुणात लोळता लोळता बॅटरी किती उरली ते बघायचा आणि अंगठ्याने माझी हवा बंद करायचा. आतून चालू करावी म्हटलं, तर समोरच्या स्क्रीनला त्याने आकड्यांचं कुलूप घातलेलं. "उगाच हात लावशील."

धाकट्याने एकदा, फक्त एकदाच, विचारलं, "दादा, रात्री हवा जाते. चालू ठेवशील का?"

"बॅटरी काय बापाची आहे?" दादा म्हणाला. बाप दोघांचा एकच होता, हे तो विसरला.

मग काय व्हायचं ते व्हायचं. त्याच्या श्वासाने काचा आतून ओल्या व्हायच्या आणि छतावरून थेंब कपाळावर पडायचे. गुदमरायला लागलं की तो दारात चप्पल अडकवून फट ठेवायचा. दार उघडं म्हणून आतला दिवा जळायचा, आणि दिव्याला तळ्यावरचे सगळे डास सहकुटुंब यायचे. सकाळी तीन नंबरमधले पाहुणे विचारायचे, "काय हो, गोवर आलाय का?"

शनिवार-रविवारचा सगळा आठवडा झाला. त्याचे कपडे पोत्यात भरून माझ्या डिकीत आले. वहिनी एकदा म्हणाली, "उद्या याचं लग्न ठरायचं झालं तर मुलीला काय डिकी दाखवायची?" दादा खो खो हसला. वहिनी हसली नाही. त्या दिवशी तिने धाकट्याला एक जाड पांघरूण आणून दिलं.

पुढे एका पाहुण्याने ते अंथरूण पाहिलं. "वा, काय मस्त!" म्हणून फोटो काढला, आणि दादाच्या डोक्यात दिवा पेटला. फाटकावर पाटी लागली, 'ताऱ्यांखाली मुक्काम'. आता मीसुद्धा एक खोली झाले. धाकट्याने कापलेल्या फोमवर परके लोक लोळू लागले. त्यांची हवा रात्रभर चालू असायची, बरं का. धाकटा गेला माझ्या शेजारच्या कोठीत, ओल्या चादरी आणि गॅसच्या टाक्यांच्या सोबतीला. आणि रोज संध्याकाळी पाहुण्यांसाठी माझ्यात अंथरूण घालायचा तोच.

साप डूख धरतो म्हणतात. मीही धरला. दादा आला की तिसऱ्या खटक्याशिवाय दार उघडायचं नाही, त्याने पट्टा ओढला की अडकवायचा. पण हे म्हणजे हत्तीला चिमटे. मी वाट बघत राहिले.

वाट फार बघावी लागली नाही. सलग सुट्ट्या आल्या, लॉज खचाखच भरलं. हाव सुटलेल्या दादाने स्वतःची झोपायची खोलीही पाहुण्यांना दिली. "एक रात्र तर आहे," तो वहिनीला म्हणाला. "सगळ्यांना खोलीच हवीय, गाडी आज मोकळीच आहे. आपण झोपू. तारे बघू."

पाहुण्यांचे फोन रात्रभर येतात, कुणाला टॉवेल हवा, कुणाला गरम पाणी. झोपायला येता येता त्याने फोन धाकट्याच्या हातात कोंबला. "तूच घे आज. माझी झोप मोडायला नको."

फोन दिला. आणि माझं बटणही दिलं.

पडदे ओढले गेले. दादाने हात-पाय पसरले, दाराला आपटले, "काय डबा आहे!" म्हणाला आणि घोरू लागला. कोठीच्या पायरीवर धाकटा फोनकडे बघत बसला होता. त्याचा अंगठा माझ्या बटणावर येऊन थांबला होता. दाब, मी मनात म्हणत होते. दाब रे माझ्या राजा.

त्याने दाबलं. माझा श्वास बंद झाला.

थोड्या वेळाने दादा घामाने उठला. स्क्रीनचं कुलूप उघडून हवा चालू केली. बंद झाली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. "बिघडली वाटतं!" त्याने माझ्या स्क्रीनवर थाप मारली. मग माझी काच हळूच चार बोटं खाली आली. दादाने वर केली. ती खाली आली. तळ्यावरच्या मंडळींना आमंत्रण पोचलं.

वहिनी उठून बसली. "गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "इतके दिवस हिची हवा कोण बंद करत होतं?"

दादाने दार ढकललं. मग तणतणत कोठीपाशी गेला. "धाकट्या, फोन दे."

"पाहुण्यांचे फोन येतायत. तूच म्हणालास, मी घ्यायचे."

"गाडीत हवा नाहीये!"

धाकटा उभा राहिला. मी त्याला मान वर करून बोलताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बॅटरी काय बापाची आहे, दादा?"

इतक्या हळू म्हणाला की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं. पण ज्याला ऐकू जायला हवं होतं त्याला गेलं.

"वहिनी, तुम्ही कोठीत झोपा," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "खाट पुसून ठेवलीय." वहिनी गेली. दादाला कोणी या म्हणालं नाही. घरभर पाहुणे, जाणार कुठे? तो परत माझ्याकडेच आला, आणि मी त्याला दार तिसऱ्या खटक्यालाच उघडलं.

तुम्हाला एवढंच सांगते. माझ्यासारखीत कोणाला झोपवाल, तर बटण आज कोणाच्या हातात आहे तेवढं बघू नका. उद्या कोणाच्या हातात जाईल तेही बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरचे पाहुणे गेले. धाकट्याने तोंड धुतलं, स्क्रूड्रायव्हर आणला आणि त्या दारावरचा पितळी ३ काढला. तो आणून माझ्या काचेवर, वायपरखाली अडकवला. दादा पुढच्या सीटवर, सुजल्या तोंडाने बघत होता. धाकट्याने मागचं दार उघडलं. फोम राहू दिला. खड्ड्यातले आपले दोन टॉवेल मात्र उपसून काढले, खांद्यावर टाकले, कोठीतलं कपड्यांचं पोतं उचललं आणि फोन खिशातच ठेवून आपल्या खोलीत गेला. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

दादा मागे जाऊन आडवा झाला. त्याचा डोळा जरा लागतोय तोच माझी काच चार बोटं खाली आली.