जिन्यावरच्या बाईचा श्वास

फोन आला तेव्हा ताईच्या हातात एका वकिलाचे खालचे-वरचे सगळे दात होते.

गल्ली तिला दातवाली ताई म्हणायची. दातांच्या दवाखान्यांसाठी ती कवळ्या बनवायची. टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, घासायचं बारीक मशीन आणि शेजारी, धूळ बसू नये म्हणून मोठ्या डब्याखाली झाकलेला रेकॉर्ड प्लेअर. गाण्याशिवाय तिला दात बसवता येत नसत. सुळ्यांना क्लॅरिनेट लागायचं, दाढांना ढोल.

फोन रेडिओ केंद्रातून होता. "उद्या रविवारी अकरा वाजता आमच्या 'पाच तबकड्या' कार्यक्रमात याल का? आपल्या आवडीच्या पाच रेकॉर्ड आणायच्या आणि त्यांच्याविषयी बोलायचं. ठरलेल्या गृहस्थांचा घसा बसलाय."

"येते!" ताई ओरडली. मग तिने विचारलं, "कुठे यायचं?"

आता हे विचारायची काय गरज? त्या पत्त्यावर तिने आजवर अकरा पत्रं पाठवली होती. पण आनंदाने माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. फोन ठेवल्यावर तिने वकिलाचे दात छातीशी धरून खोलीभर दोन गिरक्या घेतल्या, आणि वहिनी धावत येऊन "काय झालं, काय झालं?" विचारायला लागली तेव्हा तिला उत्तर म्हणून नुसता तो जबडाच उघडझाप करून दाखवला.

आणि मग पंचाईत सुरू झाली. तीनशे बारा रेकॉर्डमधून पाच! पोटच्या पोरांतून पाच निवडा म्हटल्यासारखंच हे. जमिनीवर सगळा पसारा मांडून ताई मधोमध बसली. त्यांच्या घरात रेकॉर्डना नावं असायची ती कव्हरवरच्या चित्रावरून. खरी नावं बारशालाच काय ती वाचली असतील.

'खुर्चीवाली' तर घ्यायलाच हवी होती. रिकाम्या खुर्चीचं चित्र आणि आत एकटं क्लॅरिनेट. तो वादक एक सूर धरतो आणि आपल्याला वाटतं आता संपला, आता तरी संपला, तेवढ्यात तो त्याच सुरातून दुसरा काढतो. ताईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि रागावून म्हणाली होती, "हे काय, मध्ये श्वास नको का घ्यायला?" दुसरी 'पाठमोऱ्या'. दोन बहिणी, भांडण झालेलं, एकमेकींकडे पाठ करून गायलेल्या. अहाहा! एवढी धुसफूस आणि एवढे जुळलेले सूर! ताई आणि दादा लहानपणी भांडले की बाबा न बोलता हीच लावायचे. तिसरी ढोलांची. ती लावली की खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकली जायची, तीही ठेक्यात. चौथी एका जाडजूड आवाजाच्या माणसाची अंगाईगीतं, जी ऐकून मूल झोपणं अशक्य, पण मोठी माणसं रडतात.

पाचवीला हात लावताना मात्र तिचा उत्साह जरा अडखळला. पाचवी 'जिन्यावरची'.

कव्हरवर एक बाई जिन्याच्या पायरीवर बसलेली, चपला काढून शेजारी ठेवलेल्या. घोगरा आवाज, मागे अकॉर्डियन. बाबांची सर्वांत लाडकी रेकॉर्ड. बाबांनी आयुष्यभर शिलाई मशीनं दुरुस्त केली. मशीन उघडायच्या आधी ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "पट्टा सैल आहे," किंवा "दोऱ्याची वाटी घासतेय." मग उघडून बघितलं की तेच निघायचं. अशा माणसाने ही रेकॉर्ड घरी आणली, एकदा लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही हळू चाललीये," ते म्हणाले. "या बाईचा श्वास ऐका. माणूस एवढा लांब श्वास घेत नाही. म्हैस घेते."

बाकी सगळ्या रेकॉर्ड त्याच प्लेअरवर ठीक वाजायच्या. हीच एक हळू. म्हणून बाबांनी शिलाईच्या धंद्यातली युक्ती केली. प्लेअरच्या मोटरला जे इवलंसं चाक असतं, त्यावर पातळ टेपचा एक वेढा घातला. चाक किंचित जाड, तबकडी किंचित जलद. तेव्हापासून घरात रिवाजच पडला. 'जिन्यावरची' लावायची तर आधी टेप चिकटवायची, ऐकून झालं की काढायची. त्या गाण्याआधी टेप फाडल्याचा चर्र आवाज व्हायचा आणि ताईला लहानपणी वाटायचं की सगळ्या घरांत गाणं असंच सुरू होतं.

मग चार वर्षांपूर्वी बाबांच्या वाढदिवसाला दादाने नवीन, भारी प्लेअर आणला. त्याच्या कडेला ठिपके होते. वेग अचूक असला की दिव्याखाली ते ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. दादाने हौसेने 'जिन्यावरची' लावली, टेप न लावता. ठिपके हूं की चूं न करता उभे राहिले, आणि बाई म्हशीसारखा श्वास घेत गायला लागली.

"बघा बाबा," दादा म्हणाला, "मशीन कधी खोटं बोलत नाही. एकदा कान तपासून घ्या तुमचे!"

गमतीतच म्हणाला बिचारा. पाहुणे हसले. ताईसुद्धा हसली. बाबाही हसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी प्लेअरला हात लावला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणायचं? पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. कोणी शिलाई मशीन घेऊन आलं की बाबा म्हणायला लागले, "दुसऱ्याला दाखवा. माझे कान गेलेत." खाली राहणाऱ्या शिंपीणबाईंचं मशीन तर चार वर्षं नुसतं खडखडत होतं आणि वर बाबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. ते खडखडणं ऐकलं की ताईला आपलं ते हसू आठवायचं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

संध्याकाळी ती बाबांपाशी गेली. "बाबा, उद्या मी रेडिओवर 'जिन्यावरची' लावणार आहे."

वर्तमानपत्र खाली आलं नाही. "लाव की. पण माझं ते टेपचं खूळ सांगत बसू नकोस. घरातले हसले तेवढं पुरे, गाव कशाला?"

"नाही सांगत," ताई म्हणाली. वचनच दिलं म्हणा ना.

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना ती स्टुडिओत बसली होती. खोली केवढी, तर दोन माणसं, एक टेबल, दोन माईक. काचेपलीकडे यंत्रावरच्या बाई, चष्मा केसांत खोचलेला, समोर प्लेअर आणि बटणांची रांग. निवेदक अगदी गोड माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला आणि त्यानंतर पाऊण तास त्याला तोंड उघडायची संधी मिळाली नाही. ताई सुटलीच! क्लॅरिनेटच्या श्वासावर बोलली, भांडलेल्या बहिणींवर बोलली, कोणत्या दाताला कोणता ताल लागतो ते सांगितलं. ढोल लागले तेव्हा तिने टेबलावर असा ठेका धरला की यंत्रावरच्या बाईंनी काचेतून माईककडे बोट दाखवून हात जोडले. चाळीस वर्षं घरातल्या घरात ऐकलेलं आज सगळं गाव तिच्याबरोबर ऐकत होतं. यापेक्षा जास्त सुख तिला सोसलंही नसतं.

"आणि आता पाचवी," निवेदकाने घाईघाईने वाक्य घुसवलं.

सुई टेकली. अकॉर्डियन वाजलं. बाई गायला लागली, गोड, संथ. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले. पहिली ओळ संपली आणि बाईने श्वास घेतला.

आता कवळी करणाऱ्या माणसाचं एक असतं. दात कितीही सुंदर दिसो, तोंडात बसला नाही की त्याला गप्प बसवत नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते वर्तमानपत्र आलं.

"थांबवा!" ताई ओरडली. "हे हळू चाललंय!"

"ताई," निवेदक पांढराफटक पडला, "आपण थेट प्रसारणात आहोत."

"म्हणूनच सांगते!" आणि दिलेलं वचन मोडून तिने सगळं सांगून टाकलं. म्हैस, टेप, ठिपके, आपलं हसणं, सगळं. "माझे बाबा बरोबर आहेत. मला सिद्ध करता येणार नाही. पण मी दोन्ही ऐकलंय आणि ते बरोबर आहेत!"

काचेपलीकडून आवाज आला, "आमच्या यंत्राला वेगाची पट्टी आहे. सरकवू का वर?"

"सरकवा. अजून. अजून थोडी... नाही, एवढी नको, मागे घ्या. बास! आता हलवू नका."

बाई पुन्हा पहिल्यापासून गायली. आता तिच्या आवाजात धार होती, खट्याळपणा होता, आणि ओळीच्या शेवटी तिने माणसासारखा श्वास घेतला. ताईचे डोळे भरून आले. मग एकदम आठवलं. बाबा घरी ऐकत असणार. नको म्हटलेलं नेमकं केलं आपण.

फोनचे दिवे लागले. पहिला ऐकणारा म्हणाला, चांगल्या गाण्याचं वाटोळं केलंत. दुसरीने विचारलं की ताईंच्या वडिलांना नक्की काय त्रास आहे. ताईची मान खाली गेली. निवेदकाने तिसरा फोन घेतला तो जरा नाइलाजानेच.

"कोण बोलतंय?"

"अकॉर्डियन बोलतंय," एक म्हातारा आवाज म्हणाला. "त्या रेकॉर्डवर मी आहे. कव्हरवर नाव नाही माझं, जागा चपलांनी खाल्ली. त्या ताई अजून आहेत का तिथे?"

"आहे! आहे मी!"

"अहो ताई, ध्वनिफितीवरून तबकडी करायच्या दिवशी कंपनीच्या यंत्राचा पट्टा सैल होता. सगळं हळू उतरलं. मी बोंब मारली, पण साथीदाराचं ऐकतो कोण? गाणाऱ्या बाई म्हणाल्या, लोकांना आवडतंय ना, मग गप्प बसा. बसलो. एवढी वर्षं बसलो."

निवेदकाने सावधपणे विचारलं, "पण आजोबा, याला पुरावा काय?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? अकॉर्डियनचे सूर आत पक्के बसवलेले असतात, ओढून खालीवर करता येत नाहीत. कंपनीच्या वेगावर लावा, माझं वाजवणं त्याच्याशी जुळणारच नाही. आता ताईंच्या वेगावर लावा. हं, आणा ती रेकॉर्ड पहिल्यापासून."

फोनमधून पट्टे खांद्यावर चढवल्याची खुडबुड ऐकू आली. यंत्रावरच्या बाईंनी आधी पट्टी खाली नेली आणि सुई टेकवली. अरेरे! दोन अकॉर्डियन एकमेकांना बोचकारायला लागले. मग त्यांनी पट्टी वर, ताईने 'बास' म्हटलं होतं तिथे आणली आणि पुन्हा सुई टेकवली. रेकॉर्डमधलं तरुण अकॉर्डियन आणि फोनमधलं म्हातारं अकॉर्डियन एकात एक असं मिसळलं की कोणतं कुठलं ते कळेना. निवेदक उभा राहिला. ताई तर कधीच उभी होती. यंत्रावरच्या बाईंनी केसांतला चष्मा काढून डोळे पुसले.

"तुमच्या वडिलांनी कशावरून ओळखलं?" म्हाताऱ्याने धापा टाकत विचारलं.

"बाईच्या श्वासावरून."

पलीकडे अकॉर्डियन खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "त्यांना सांगा, मला वाटत होतं मी एकटाच आहे. फार बरं वाटलं."

ताई घरी निघाली ती धावतच. रेकॉर्ड छातीशी, चपलेचा पट्टा तुटलेला, तिला पत्ता नाही. जिना चढताना बाबांचा आवाज ऐकू आला आणि तिचे पाय थबकले. बाबा ओरडत होते. चार वर्षांत ते ओरडले नव्हते.

दार उघडंच होतं. दादा जमिनीवर पालथा पडला होता, त्याच्या भारी प्लेअरची चकती काढून बाजूला ठेवलेली, टेपचं रीळ दातांत. वहिनी बॅटरी धरून उभी. बाबा खुर्ची पुढे ओढून बसलेले, वर्तमानपत्र खाली पडलेलं.

"एकच वेढा! दोन घालशील तर बाई पळत सुटेल. आणि सुरकुती नको."

"बाबा, पण ठिपके पळतील," दादा दातांतल्या रिळासकट म्हणाला.

"पळू देत. चार वर्षं उभे होते, पाय मोकळे होतील."

दादाने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते. "चुकलो हो बाबा," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्या पाठीवर चापट मारली. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "वचन मोडलंस," ते ताईला म्हणाले आणि हात पुढे केला. ताईने रेकॉर्ड दिली. त्यांनी ती बाहीने पुसली, दादाने परत बसवलेल्या चकतीवर ठेवली, सुई उचलली. ताईने श्वास रोखून धरला.

पण बाबांनी सुई टेकवली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मान जरा तिरकी केली. खालून शिंपीणबाईंच्या मशीनची खडखड येत होती.

"दोऱ्याची वाटी घासतेय," बाबा म्हणाले. "जा गं, त्यांना सांग, मशीन वर घेऊन या म्हणावं."