लग्नाला काळं नको

मी एक जुना, रुंद पडद्याचा टीव्ही आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगताना जो तो थोडी बढाई मारतोच. मला मात्र मान खाली घालूनच बोलावं लागणार आहे.

सोलापुरात बिरप्पांच्या घरी आलो तेव्हा माझा केवढा थाट! भिंतीवर चढताच घरच्यांनी बिरप्पांच्या बहिणीच्या लग्नाची सीडी लावली. ती चौकोनी टीव्हीच्या काळातली, त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या. बिरप्पांच्या आई राजाबाई दचकल्याच. "लगीन हाय की! कडंला काळं नगं." लगेच कुणीतरी रिमोटवरून चित्र मोठं केलं. पडदा गच्च भरला. वरचा आणि खालचा भाग कापला गेला, हे मला कळत होतं. पण सगळे वाहवा करत होते, म्हणून मी फुशारून गप्प बसलो.

बिरप्पांची मुलगी अपेक्षा वर्षाची असतानाच तिची आई, शरणम्मा, वारली. फोटोतली आई तिला पाठ होती. तिला हलणारी, हसणारी आई पाहायची होती. "आत्याच्या हळदीत हाय की तुजी आई, म्होरंच बसलीया," बिरप्पा सांगायचे. पोरगी माझ्यापुढे मांडी घालून शोधत राहायची. एकदा रडवेली होऊन म्हणाली, "आप्पा, उगं समजूत घालू नगा." मग बिरप्पांनीही डोळे ताणून पाहिलं. "मलाच चुकीचं आठवत आसंल," म्हणाले, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्या मिजाशीपायी खरं बोलणारा बाप खोटा पडला. तेव्हापासून मला फार लाज वाटत होती.

यंदा आत्याची ऋतुजा सुट्टीला आली. "मामा, सगळ्यांची डोकी का कापलीत?" म्हणत तिने बटण दाबलं. काळ्या पट्ट्या आल्या, आणि नवरीच्या पायाशी बसलेली शरणम्मा दिसली. इतकी वर्षं खालून एक हळदीने माखलेला हात तेवढा वर यायचा. तो तिचा होता. ती खळखळून हसत होती.

"आप्पा, तुमी खरं सांगत हुता," म्हणत अपेक्षा बापाला बिलगली. नंतर तिने ओढणीने माझी काच पुसली, तेव्हा तर मला तोंड लपवावंसं वाटलं.

मित्रांनो, पडदा थोडा रिकामा राहिला तर राहू द्या. कडेला बसलेलं माणूस कापू नका. त्यालाच शोधत कुणीतरी समोर बसलेलं असतं.