इंजिन बंद करून

बायको मंगलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा भाईदास धडगावच्या स्टँडवर जीप भरत होता. नऊ माणसं बसली होती, दोन यायची होती. सुरतेच्या दवाखान्यातून मुलगी निशा बोलत होती. "माय गयी, आबा," एवढंच ती म्हणाली. भाईदासने फोन खिशात ठेवला, दोघांची वाट पाहिली, घाट उतरून सगळ्यांना शहाद्याला नीट सोडलं आणि मग सुरतेची गाडी धरली.

दहाव्यापर्यंत तो रडला नाही. पाणी भरलं, पाहुणे आणले, पोचवले. मेहुणी फुलवंताबाईने चारचौघांत टोला हाणला, "दाजी, तुमना डोयामा पानीना थेंब बी नही उना."

ते त्याला लागलं. एकतीस वर्षांचा संसार, आणि आपल्याला काहीच कसं होत नाही?

मग त्याला गोळी आठवली. मोठ्या तापातून उठल्यावर त्याला दिवसा झोप आवरेना, जेवता जेवता डोळा लागायचा. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासून थोड्या दिवसांसाठी तरतरी आणणारी गोळी दिली होती. सकाळी एक. महिना होत आला होता. रडू या गोळीने अडवलंय, की आपणच कोरडे?

तो नंदुरबारला जाऊन विचारून आला. डॉक्टर म्हणाले, गोळी थांबवायची वेळ झालीच आहे. दिवस थोडे झालेत, डोसही लहान आहे, त्यामुळे फार त्रास होऊ नये. झोप येईल, भूक वाढेल, चिडचिड होईल, मन खाली जाईल. आठ-दहा दिवसांत निवळेल. तोवर जीप चालवायची नाही आणि उरलेली गोळी मनाने घ्यायची नाही. पुढेही मन बुडालेलंच राहिलं तर यायचं, आणि जगणं नको वाटलं तर त्याच दिवशी.

"पण दुःख गोळीचं कोणतं आणि माझं कोणतं?" भाईदासने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच बघा, आणि मला सांगा."

हे त्याला पटलं. जीप खडखडली की तोही तेच करायचा. मोकळ्या सपाट रस्त्यावर इंजिन बंद करून गाडी घरंगळू द्यायची. इंजिनाबरोबर थांबला तो आवाज इंजिनाचा, उरला तो गाडीचा.

जीपची किल्ली आणि गोळ्यांचं पाकीट त्याने शेजारच्या छगनकडे दिलं. पहिल्या दिवशी दुपारी आडवा झाला तो दिवेलागणीलाच उठला. दुसऱ्या दिवशी सहा भाकरी खाल्ल्या. "भो, चार माणसंनं तू एकलाच खाई ऱ्हायना," छगन म्हणाला. तिसऱ्या दिवशी भाईदास मांजरावर खेकसला. चौथ्या दिवशी अंग शिशासारखं जड झालं, डोळे भरून आले. ते त्याने आपलं धरलं नाही, डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं ते. मात्र एक गोळी घ्यावीशी वाटली. छगनने दिली नाही, वर दोन शिव्या दिल्या.

सहाव्या दिवसापासून झोप माणसात आली. नवव्या दिवशी तो ताजा उठला, दोन भाकरींत पोट भरलं, मांजराला दूध घातलं. गेलं बहुतेक सगळं, असं म्हणून तो जीप धुवायला बाहेर आला.

पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लटकत होती. दर शनिवारी मंगलाबाई नवी ओवायची. ही सुरतेला जायच्या आधीची. लिंबू सुपारीएवढं झालं होतं, मिरच्या काळ्या पडल्या होत्या. दोऱ्याला खाली तिची ती दुहेरी गाठ. भाईदास बादलीशेजारी खालीच बसला आणि रडला. छगन येऊन उभा राहिला, तरी त्याला थांबता येईना.

संध्याकाळी त्याने डॉक्टरांना फोन केला. झोप, भूक, चिडचिड गोळीची होती, गेली, असं सांगितलं. "हे रडू एक उरलंय. हे माझंच आहे."

त्यांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं. तो जाऊन आला. आता पुन्हा धडगावच्या फेऱ्या चालू आहेत. जुनी लिंबू-मिरची बंपरला तशीच आहे. नवी ओवायची राहिली आहे.