येतो म्हणजे गेला

यार्डात एकाच वेळी चारशे बारा ट्रॉल्या उभ्या आहेत, असं सुकेशनीच्या संगणकाचं म्हणणं होतं. खिडकीतून दिसत होत्या तेवीस.

नदीकाठच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्या बारा-बारा तास रांगेत वाळायच्या. कोणती गाडी कधी बोलवावी, हाच सुकेशनीच्या पीएचडीचा विषय. वीस गाड्यांचा क्रम लावायच्या साऱ्या तऱ्हा सेकंदाला एक अशा तपासल्या, तरी सूर्य आधी विझेल. म्हणून हे काम क्वांटम संगणकाकडे. तो एकेक तऱ्हा तपासत बसत नाही, सगळ्या शक्यता एकत्र घुसळून चांगली वर काढायला बघतो. यार्डात गर्दी किती असेल, हा अंदाज मात्र गेटच्या जुन्या नोंदी शिकलेलं मशीन लर्निंग द्यायचं.

यार्ड आधीच भरलंय असं धरून परदेशातल्या त्या क्वांटम यंत्राने उत्तर दिलं : एकही गाडी बोलवू नये. रांग संपवायचा उपाय म्हणून ते चूक नव्हतं. पण शुक्रवारी मार्गदर्शक सरांपुढे प्रबंधाचं प्रकरण ठेवायचं होतं. नाहीतर विषय बदला, असं सर म्हणाले होते. यंत्रावरचा मंजूर वेळ उरला होता दोन मिनिटं.

ती नोंदवही घेऊन गेटवर माऊलीमामांकडे गेली. बावीस वर्षं तिथली वही तेच लिहीत होते.

"मामा, गाडी आली की तुमी 'आला' लिहिता. मग बारा तासांनी त्याच गाडीपुढं 'येतो' कशाला?"

"गेली म्हनून."

"गेली तर 'येतो'?"

"आवं ताई, डायवर जाताना काय म्हनतो? येतो मामा! त्ये म्हनला, म्या लिवलं. चाकावरच्या मानसानं 'जातो' म्हनू नये, आन् म्या तर लिवूच नये."

सकाळी घरातून निघताना आईला तीही 'येते' म्हणूनच आली होती. बावीस वर्षांत गेटबाहेर गेलेली प्रत्येक गाडी तिच्या संगणकाने पुन्हा आत घेतली होती.

"तुमच्या मशिनला मराठी येत न्हाई का?"

"शिकवलीय, मामा."

"मंग पुन्याची आसंल."

तिने 'येतो' म्हणजे गेला, असा नियम घातला. अंदाज तेविसावर आला. दोन मिनिटं खर्च करून क्रम मिळाला आणि गुरुवारी तो लावून पाहिला. ड्रायव्हर बन्सीधरची ट्रॉली तीन तासांत रिकामी झाली. काहीतरी चुकलंय म्हणून तो आणखी तासभर बसून राहिला.

शुक्रवारी सरांनी प्रकरण मान्य केलं. आभाराच्या पानावर मात्र थांबले. पहिलंच नाव.

"हे माऊली कोणत्या विद्यापीठाचे?"

"गेट नंबर दोन, सर."

सर हसले नाहीत. नाव खोडलंही नाही.

सुकेशनीने ते पान मामांना वाचून दाखवलं. 'ज्यांच्या बावीस वर्षांच्या नोंदींमुळे आणि एका शब्दाच्या अर्थामुळे हे काम उभं राहिलं...'

मामांनी चष्मा पुसला. "साहेबांकडून माझं नाव कागदावर लय बारी आलंय," ते म्हणाले, "पर दर बारी खाली 'खुलासा करावा' आसायचं. हितं तसं न्हाई ना?"

"नाही, मामा."

"मंग वाच की आजून एकदा."

तिने वाचलं. या वेळी सावकाश.