हिरड्याच्या जागी

मशिनची घरघर थांबली तशी ठमाबाई हातातल्या सुपासकट आत धावली. खाटेवर तिचा नवरा चांगदेव नाकातली नळी चाचपत होता. खडीक्रशरवर वीस वर्षं धूळ खाल्लेली त्याची छाती आता त्या ऑक्सिजनच्या मशिनवर चालायची.

"लाइट गेली का गं?"

"जाऊ द्या. आपल्याला सोलर हाय."

तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग अंगणात येऊन वर पाहिलं. तळेघरचं चैत्रातलं ऊन नुकतं कलायला लागलं होतं आणि घरकुलाच्या स्लॅबवर चार काळ्या प्लेटा नुसत्या झळाळत होत्या. त्या बसवणाऱ्या रामदासला तिनं फोन लावला.

"रामदासभाऊ, ऊन टळटळीत हाय, अन् मशिन बंद!"

"मावशी, घाटात तार तुटलीय. लाइन गेली की प्लेटाबी आपसूक बंद व्हत्यात. तारंवर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हनून."

"आरं, मग एवढ्या उन्हाचं काय?"

"ते साठवायला बॅटरी लागती. तिला सबसिडी न्हाई. तुमीच म्हनला व्हता, सबसिडीत बसंल तेवढंच बसव." तो घुटमळला. "बिल तर शून्य आलं ना?"

"आलं." ठमाबाईनं दारातून आत पाहिलं. "लाइट कवा यील?"

"सांज व्हईल. तवर सिलिंडर लावा की."

सिलिंडर नव्हता. मशिनपायी महिन्याचं बिल दोन हजारांवर गेलं, म्हणून तर सोलर घेतलं. प्लेटा बसल्या त्याच दिवशी भाड्याचा सिलिंडर मंचरला परत गेला. आता लाइट जायचीच नाही, तर तो कशाला? दारातल्या हिरड्याची सावली स्लॅबवर पडायची. सासूनं राखलेलं झाड, तेही तोडलं.

तिनं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. यायला दीड तास, असं कळलं. हाक मारायला वाडीत कुणी नव्हतं. सगळी बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायला रानात गेली होती.

चांगदेव जात्याचा खुंटा ओढावा तसा एकेक श्वास ओढत होता.

"ठमे... भाईर घे. हिरड्याखाली. तिथं... बरं वाटतंय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. झाड पाडताना दोर यानंच धरला होता.

खाट फरफटत तिनं अंगणात नेली आणि दर उन्हाळ्यात ठेवायची तिथंच, हिरड्याच्या उरलेल्या बुडख्याला लागून टेकवली. उन्हाकडं पाठ करून ती त्याच्या तोंडावर वाकली, डोईचा पदर पसरला आणि सुपानं वारा घालू लागली.

"गार हाय," डोळे न उघडता चांगदेव म्हणाला.

"व्हय. झोपा."

ऊन सरकलं. तशी तीही बुडख्याभोवती एकेक पाऊल सरकत राहिली.